शेवटचे बारा किलोमीटर

दूधसागरला स्वतःचा असा रस्ता नाही. आपल्याकडच्या नावाजलेल्या धबधब्यांना आता डांबरी रस्ता असतो, रस्त्याच्या टोकाला पार्किंग आणि पार्किंगच्या कडेला भाजलेल्या कणसांची गाडी. इथे यातलं काही नाही. गोवा-कर्नाटक सीमेवर सह्याद्रीच्या कड्यावरून चार टप्प्यांत ३१० मीटर खाली येणाऱ्या या पाण्याजवळ जायच्या वाटा दोनच. एक रेल्वेची. ती घाटावरचा माल मुरगाव बंदरात उतरवायला बांधली. दुसरी कुळे गावातून जंगलात शिरणारी, मध्ये नदी आडवी येणारी कच्ची वाट. धबधबा बघायला म्हणून यातली एकही वाट कुणी केलेली नाही. त्यामुळे दूधसागरची सहल स्वस्तात होणार की महागात, हे धबधब्यावर कधीच अवलंबून नव्हतं. त्या वेळी वाट कुणाच्या ताब्यात आहे, यावर ते ठरत आलं.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘स्वस्त’ हा विषय कळवला तेव्हा म्हणूनच दूधसागर डोळ्यांपुढे आला. कोल्हापूर, सांगली, मिरज, बेळगाव या पट्ट्यात कॉलेजात गेलेल्या कुणालाही विचारा, खिशात पैसे नसताना केलेली पहिली मोठी सहल कोणती? बऱ्याच जणांचं उत्तर एकच येतं. जनरलचं तिकीट, पाठीला सॅक, सॅकमध्ये दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, कॅसलरॉकला उतरायचं आणि रुळांवरून चालत सुटायचं. ही सहल आता करता येत नाही. तिच्या जागी जी आली ती कशी चालते, तिचे पैसे कुठे जातात, आणि हात आखडून ती अजून जमते का, हे बघायला आम्ही निघालो. आम्ही म्हणजे कॉलेजपासूनचं टोळकं, त्यातलं जे उरलंय ते. सहकारी बँकेत असलेला आमचा खजिनदार, शाळेत भूगोल शिकवणारी मैत्रीण, तिचा इंजिनिअरिंगला असलेला भाचा आणि मी. खजिनदाराचा नियम जुनाच आहे, वर्गणी आधी आणि वाद नंतर. भाच्याच्या मोबाइलमध्ये खर्च वाटून देणारं ॲप होतं. खजिनदाराने ते न बघताच बाजूला सारलं आणि दोनशेपानी वही काढली.

जनरलच्या डब्यात

दिल्लीच्या निजामुद्दीनहून निघालेली गोवा एक्स्प्रेस रात्री मिरजेला येते तोवर तिचा जनरलचा डबा गच्च भरलेला असतो. दारात सॅक घेऊन उभ्या माणसाला आत घ्यायला कुणीही उत्सुक नसतं. पण डब्याचा एक रिवाज आहे. तुम्ही आधी सामान आत द्यायचं. सामान हातोहात आत गेलं की माणसाला नाही म्हणता येत नाही. आमच्या सॅक तशाच गेल्या, त्यांच्यामागून आम्ही. भूगोलवाल्या बाईंनी संडासाजवळच्या मोकळ्या जागेत वर्तमानपत्र अंथरलं आणि जयसिंगपूरच्या भडंगाची पिशवी उघडली. पिशवी उघडल्यावर आजूबाजूचे लोक सरकायला लागले. खाणं पुढे करणाऱ्याला जागा मिळते, हा जनरलच्या डब्याचा दुसरा रिवाज.

बेळगावपर्यंत हे असंच. तिथे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राकडे परतणारे जवान उतरले, लोखंडी ट्रंका खडखडत खाली गेल्या आणि बाकं मोकळी झाली. खजिनदाराने स्लीपरचं आरक्षण का केलं नाही, याचं स्पष्टीकरण तेव्हा दिलं. अर्धी रात्र तर बेळगावपर्यंतच जाते, मग उरलेल्या अर्ध्या रात्रीसाठी पूर्ण भाडं कशाला?

या गाडीची गंमत अशी की दूधसागरला निघालेल्या माणसाला ती जाताना धबधबा दाखवतच नाही. लोंढा मागे पडतो, कॅसलरॉकला गाडी थांबते, घाट उतरायच्या आधी ब्रेकची तपासणी होते आणि पहाटेच्या अंधारात ती धबधब्याच्या अंगावरून निघून जाते. बोगदे मोजता मोजता एकदम चाकांचा आवाज बदलतो, पुलावर आल्यासारखा पोकळ होतो, दारातून गार, ओली हवा येते आणि परत बोगदा. एवढंच. डब्यातले निम्मे लोक खास धबधब्यासाठी आलेले होते, ते सगळे घोरत होते. पुण्याहून आठवड्यातून एकदा सुटणारी पूर्णा एक्स्प्रेस घाट दिवसाउजेडी उतरते, हे जाणकारांना ठाऊक असतं. आमची सुट्टी त्या वाराशी जुळली नाही.

मीठ आणि बंदर

हा घाट ब्रॅगांझा घाट. ब्रॅगांझा हे पोर्तुगालच्या राजघराण्याचं नाव. रेल्वे पोर्तुगीज हद्दीत, तिच्यावरच्या भांडवलाला हमी पोर्तुगीज सरकारची, आणि बांधणारी कंपनी इंग्रजांची. या लग्नाची याद १८७८ साली झालेल्या इंग्रज-पोर्तुगीज तहात सापडते. इंग्रजांना गोव्याचं मीठ आपल्या मुठीत हवं होतं. गोव्यातलं स्वस्त मीठ घाट चढून वर आलं की मिठावरचा त्यांचा कर बुडत होता. पोर्तुगिजांना मुरगावच्या बंदरात माल हवा होता, आणि माल घाटावर होता. मीठ देऊन आगगाडी मिळाली असा तो सौदा. १८८० च्या दशकात घाटात रूळ पडले, वर सदर्न मराठा रेल्वेचे रूळ येऊन भिडले आणि बंदर लोंढ्यामार्गे दख्खनला जोडलं गेलं.

कॅसलरॉक ते कुळे हे अंतर पंचवीस-सव्वीस किलोमीटरचं. तेवढ्यात गाडीला अख्खा सह्याद्री उतरायचा असतो. चढ ३७ ला १, म्हणजे दर ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आपल्या बोरघाटातही चढ इतकाच आहे. वर जाणाऱ्या जड गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावावी लागतात, त्यांना बँकर म्हणतात. रेल्वेवाल्यांच्या तोंडी हा शब्द सतत असतो. आमचा खजिनदार पहिल्यांदा दचकला होता.

इंजिनिअरांना धबधब्याचं काही पडलेलं नव्हतं. चढ हाताबाहेर जाऊ न देता डोंगराच्या कडेकडेने वर जायचं तर ओढे-नाले ओलांडावे लागतात, तसाच हाही एक ओलांडायचा नाला होता. त्यांनी तो मधोमध ओलांडला. म्हणून आज धबधब्याचा वरचा भाग पुलाच्या वर आहे आणि खालचा पुलाच्या खाली. भारतातलं रेल्वेचं सर्वात जास्त छापलं गेलेलं चित्र कोणतं, असं विचारलं तर मी याच पुलाचं नाव घेईन, आणि ते चित्र कुणी ठरवून काढलेलं नाही.

कॅसलरॉक इंग्रजांचं, कुळे पोर्तुगिजांचं, अशी दोन राज्यांची नाकी घाटाच्या दोन टोकांना होती. प्रवाशांच्या पेट्या दोन्हीकडे उघडल्या जात. १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातले सत्याग्रही ज्या वाटांनी गोव्यात शिरले, त्यांत हा रेल्वेमार्गही होता. रुळांवरून चालत दूधसागरकडे जाण्याचा आपल्या लोकांचा इतिहास असा ट्रेकिंगच्याही आधीचा आहे. त्या वेळी समोर बंदुका होत्या. त्यानंतर भारत सरकारने ही गाडी बंद केली, ती गोवा मुक्त होईपर्यंत.

रुळांवरून चालणाऱ्यांचं काय झालं

कॅसलरॉकपासून दूधसागर चौदा किलोमीटर, कुळ्यापासून अकरा. ही आकडेमोड एकेकाळी हॉस्टेलच्या भिंतीवर लिहिलेली असायची. कॅसलरॉकहून उतार मिळतो म्हणून बहुतेक जण तिकडून यायचे. स्लीपरवरून चालायची एक लय बसते. एका स्लीपरचं अंतर पावलाला कमी पडतं आणि दोन स्लीपरचं जास्त होतं, त्यामुळे पहिला तासभर सगळे अडखळतात. बोगदा आला की टॉर्च लावून आधी कान द्यायचा, गाडी नाही अशी खात्री करायची आणि मग आत शिरायचं. आत गाडी आलीच तर भिंतीत केलेल्या कोनाड्यात अंग चोरून उभं राहायचं. ते कोनाडे रेल्वेने आपल्या कामगारांसाठी ठेवलेत. आमच्यासारख्यांनी ते फुकटात वापरले. रात्र दूधसागर स्टेशनच्या फलाटावर काढायची. फलाट म्हणजे नावालाच. माकडं सकाळी येऊन दशम्यांचा हिशेब करायची.

खर्च काय, तर तिकीट आणि चहा.

मग २०१३ साली ‘चेन्नई एक्सप्रेस’ आला आणि धबधब्यासमोर थांबलेली ती गाडी सगळ्या देशाने पाहिली. त्याच सुमारास हातोहाती कॅमेऱ्याचे मोबाइल आले. सगळा दोष सिनेमावर टाकण्यात अर्थ नाही, पण ज्या फलाटावर वीसेक मुलं निजायची तिथे पावसाळ्यातल्या रविवारी शेकडो माणसं उतरायला लागली. एकेरी मार्ग, धो-धो पाऊस, वळणावर वळण आणि धबधब्याच्या आवाजात न ऐकू येणारा भोंगा. रेल्वेने आधी फलक लावले, मग शिट्ट्या वाजवल्या, मग दंड केला. जुलै २०२३ मधल्या एका रविवारी सुरक्षा दलाच्या जवानांनी रुळांवरून आलेल्या पोरांना चक्क कान धरून उठाबशा काढायला लावल्या. तो व्हिडिओ देशभर फिरला. दक्षिण पश्चिम रेल्वेने लगोलग जाहीर आवाहन केलं की धबधबा गाडीतूनच बघा, रुळांवरून किंवा रुळांच्या कडेने चालणं हा रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे. त्याच पावसाळ्यात गोव्यात दुसऱ्या एका धबधब्यावर माणसं बुडाली आणि सरकारने धबधब्यांवर जायलाच बंदी घातली.

उठाबशांचं मला हसू आलं हे खरं. पण त्या पोरांत अनेकजण आमच्यासारखेच असणार, पाचशे रुपयांत दोन दिवस काढायला निघालेले. त्यांना जे सांगितलं गेलं त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या ऐपतीची वाट बंद झाली. रेल्वेचं बरोबर होतं, यात शंका नाही. फक्त बंद झालेल्या वाटेच्या बदल्यात दुसरी कोणती वाट उघडली, हे कुणी सांगितलं नाही.

सातात भागायचं

ती वाट कुळ्याला सुरू होते.

पहाटे गाडीतून उतरलो तेव्हा फलाटावर आमच्यासारखेच तीस-चाळीसजण होते. उजाडेपर्यंत सॅकला टेकून बसलो, मग स्टेशनबाहेर पाव आणि पातळ भाजी खाल्ली. वाटीत भाजी कमी झाली की पोऱ्या न विचारता पळीभर रस्सा वाढतो. खजिनदाराने या एका गोष्टीसाठी गोव्याचं मनापासून कौतुक केलं.

जीपचा हंगाम पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतो आणि मेअखेरीपर्यंत चालतो. आम्ही नोव्हेंबरात गेलो होतो. काउंटरवर नाव द्यायचं, वनखात्याचं प्रवेशशुल्क भरायचं, जीपचा नंबर लागायची वाट बघायची. भाडं अख्ख्या जीपचं असतं आणि एका जीपमध्ये सातजण बसतात. सगळी मेख इथेच आहे. आम्ही चौघं. चौघांनी सातांचं भाडं भरायचं, किंवा आणखी तिघं शोधायचे. काउंटरसमोर मग एक वेगळाच बाजार भरतो. तुम्ही किती? आम्ही पाच. तुम्हाला दोन हवेत, आम्हाला तीन, मग तुमचे पाच आणि त्यांचे दोन, आणि आमच्यात ते हुबळीचे तिघं. भाचा दहा मिनिटांत हे जुळवून आला. हुबळीच्या पोरांना मराठी येत नव्हतं, आम्हाला कन्नड येत नव्हतं, पण भागाकार सगळ्यांना येत होता. शिवाय लाइफ जॅकेटचं भाडं वेगळं. ते घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत, पोहायचं असो वा नसो. वहीत मांडलं तेव्हा दिसलं, मिरजेपासून इथवरच्या रात्रभराच्या रेल्वेपेक्षा शेवटच्या या बारा किलोमीटरांना माणशी कितीतरी जास्त पैसे पडले होते.

हे जास्त आहेत का? जीपमध्ये बसल्यावर माझं मत डगमगलं. गाव संपलं की भगवान महावीर अभयारण्य लागतं. अभयारण्य २४० चौरस किलोमीटरचं, त्यातलं १०७ चौरस किलोमीटर मोले राष्ट्रीय उद्यान. नाक्यावर पावती बघून फाटक उघडतात आणि रस्ता नावाचा प्रकार संपतो. लाल माती, मधे मोठाले धोंडे, चाकांच्या खोल चाकोऱ्या. पहिल्या ओढ्यापाशी ड्रायव्हरने गाडी थांबवली नाही, वेगही वाढवला नाही. पहिल्या गिअरमध्ये एकाच गतीने पाण्यात घातली. पाणी दाराच्या खालच्या कडेला लागलं, पायाशी आत आलं. हुबळीची पोरं ओरडायला लागली. “पाण्यात गिअर बदलायचा नाही,” ड्रायव्हर मागे न बघता म्हणाला. गिअर बदलताना क्षणभर जोर सुटतो, गाडी थबकते आणि थबकलेल्या गाडीच्या चाकाखालची वाळू पाणी वाहून नेतं. गाडी तिथेच रुतते. दर हंगामाला ब्रेक आणि क्लचची कामं निघतात, पत्र्याला खालून गंज चढतो. आणि पावसाळ्याचे चार महिने गाडी अंगणात ताडपत्रीखाली.

त्याचं मराठी सुरेख होतं, घरी कोकणी. वडिलांचा खनिजाचा ट्रक होता. धारबांदोडा तालुका खाणींच्या पट्ट्यातला. २०१२ साली गोव्यातल्या खाणी थांबल्या, पुढे सुरू होऊन २०१८ ला पुन्हा बंद पडल्या. ट्रक विकला, जीप घेतली. कुळ्यात आता चारशेच्या वर जीपा आहेत आणि त्या पाळीपाळीने सुटतात. रविवारी, नाताळात प्रत्येकाला फेरी मिळते, आडवारी कित्येकांना दिवसभर बसून राहावं लागतं. म्हणून बुकिंग कुणाच्या हातात, हा गावातला सर्वात कडू विषय. २०२४ च्या हंगामात पर्यटन महामंडळाच्या ऑनलाइन बुकिंगवरून वाद पेटला आणि जीपवाले संपावर गेले. ऑनलाइनवाल्या पर्यटकाला वाटतं, मधला दलाल गेला. जीपवाल्याला वाटतं, आपल्या गावच्या वाटेची किल्ली पणजीला गेली. दोघांचं म्हणणं ऐकल्यावर मला दुसरं जास्त पटलं. अर्थात मी तेव्हा त्याच्या जीपमध्ये बसले होते.

“पावसात सोडा ना गाड्या, तेव्हाच तर खरा धबधबा,” भाच्याने सुचवलं.

“पावसात हीच नदी झाडाएवढी येते,” तो म्हणाला. “तेव्हा जीप कोण सोडतो? देव पण सोडत नाही.”

पाण्याचं गणित

जीप थांबते तिथून वीस-पंचवीस मिनिटं चालायचं. मुळं, निसरडे दगड, ओढ्यावर टाकलेले साकव. मग झाडी उघडते आणि वर बघावं लागतं, इतकं वर की मान दुखते. कर्नाटकातला जोग २५३ मीटरचा, हा त्याहून उंच. पण जोग एका उडीत खाली येतो. दूधसागर पायऱ्यापायऱ्यांवर आपटत, फुटत, परत गोळा होत उतरतो. पाणी फुटलं की त्यात हवा मिसळते आणि हवा मिसळली की ते पांढरं दिसतं. रवी फिरलेल्या ताकावर फेस धरतो तसंच हे. राजकन्येची आणि दुधाच्या घागरीची दंतकथा प्रत्येकजण सांगतो, ती इथे सोडून देते.

नोव्हेंबरात पांढऱ्या पट्ट्यांच्या मधे काळा खडक दिसायला लागला होता. एप्रिलपर्यंत दोन-तीन धारा उरतात. धबधब्यामागे कुठलंही धरण नाही, बर्फ नाही. वरच्या कॅसलरॉकच्या पठारावर पडलेला पाऊस जंगलातल्या मातीत मुरतो आणि महिनोन् महिने झिरपत राहतो, तेच हे पाणी. जंगल तुटलं तर पावसाळ्यात लोंढा आणि दिवाळीला कोरडा खडक, हे भूगोलवाल्या बाईंनी हुबळीच्या पोरांना हातवारे करून समजावलं. त्यांना ते समजलं असावं, कारण त्यांनी बाईंबरोबर सेल्फी काढला.

खाली गेलेलं पाणी पुढे खांडेपार नदीत जातं आणि ती मांडवीला मिळते. वाटेत ओपाच्या प्रकल्पात खांडेपारचं पाणी उचलून फोंड्याला आणि पणजीला पुरवलं जातं. म्हणजे दूधसागर बघायला न आलेला पणजीकरही सकाळी नळ सोडतो तेव्हा त्याच्या वाट्याला दूधसागरचे काही थेंब येतात, तेही जीपच्या भाड्याशिवाय.

डोहाच्या काठी जीवरक्षक शिट्टी घेऊन उभा होता. डोह दिसायला उथळ वाटतो. तळ खडकाळ आणि असमान, पाणी गार, आणि धारेच्या पायथ्याशी ते माणसाला खाली खेचतं. नारिंगी जॅकेट घातलेली शंभरेक माणसं कडेकडेने तरंगत होती, माकडं त्यांच्या काठावरच्या पिशव्या तपासत होती. आम्हाला तासाभराचा वेळ मिळाला होता. त्यातला बराचसा वेळ सगळ्यांची नजर पुलाकडे होती. गाडी येणार, अशी आवई कुणीतरी दर पाच मिनिटांनी उठवत होतं. शेवटी आली ती मालगाडी. वाघिणी इतक्या, की इंजिन पलीकडच्या वळणात दिसेनासं झालं तरी शेपूट संपेना. मग मागचे बँकर आले, धापा टाकत. डोहातल्या लोकांनी त्यांना हात केले.

दुसरा रूळ

त्या मालगाड्यांत बहुधा कोळसा असतो. मुरगावला बोटीतून उतरलेला कोळसा याच घाटाने कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे, बल्लारीकडे जातो. मिठासाठी आणि बंदरासाठी बांधलेली वाट दीडशे वर्षांनीही बंदराचंच काम करतेय. बदललं फक्त ओझं. एकेरी मार्गावर गाड्या अडकतात म्हणून घाटात दुसरा रूळ टाकायचा प्रस्ताव आला. सोबत महामार्गाचं चौपदरीकरण आणि विजेची मोठी वाहिनी, हे तिन्ही मोलेच्या जंगलातूनच जाणार होते. २०२० च्या टाळेबंदीत या प्रकल्पांना मिळालेल्या मंजुऱ्यांवरून गोव्यातली तरुण मुलं पेटून उठली. ‘सेव्ह मोले’ नावाने चित्रं, गाणी, पत्रं, सगळं चाललं. नोव्हेंबरच्या पहिल्या रात्री चांदोर गावात हजारो लोक रेल्वेच्या रुळांवर जमले.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने दुहेरीकरणाविरुद्ध अहवाल दिला आणि ९ मे २०२२ ला न्यायालयाने कॅसलरॉक-कुळे टप्प्याची वन्यजीव मंजुरी रद्द केली. आजही घाटात एकच रूळ आहे.

विकासवाल्यांचं म्हणणं मी टाळणार नाही. गाड्या वाढल्या तर आमच्यासारख्या जनरलवाल्यांनाही जागा मिळेल, हे खरंच. पण हा डोंगर मुळातच ठिसूळ झालाय. जुलै २०२१ मध्ये कोकण रेल्वेवरून इकडे वळवलेली मंगळूर-मुंबई गाडी दूधसागर आणि सोनावळी स्टेशनांच्या मधे दरड कोसळल्याने घसरली. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याच भागात मालगाडी घसरली. एका रुळासाठी जो डोंगर जेमतेम उभा आहे, त्याला दुसऱ्यासाठी आणखी कापायचं, हे मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

श्रावणात, परतीच्या गाडीत

भाच्याचा मुद्दा डोक्यातून जाईना. जीप चालते तेव्हा पाणी ओसरलेलं, आणि पाणी भरात असतं तेव्हा जीप बंद. परवानगी आणि वाटाड्या असल्याशिवाय पावसाळ्यात त्या जंगलात पाऊल टाकता येत नाही. मग खिशाला परवडणारी आणि कायद्यात बसणारी एकच जागा उरते, गाडीची खिडकी. यंदाच्या श्रावणात म्हणून आम्ही पुन्हा गेलो, या खेपेला भूगोलवाल्या बाईंना रजा मिळाली नाही. मडगावला दुपारी परतीची गोवा एक्स्प्रेस धरली. ही गाडी वास्कोहून दुपारी निघते आणि संध्याकाळी उजेड असताना घाट चढते. जीप नाही, जॅकेट नाही, प्रवेशशुल्क नाही. मिरजेचं जनरलचं तिकीट, बस्स.

कुळ्याला मागे बँकर लागले आणि गाडी सायकलच्या वेगाने वर निघाली. डब्याला वाफ धरली होती, खिडक्यांतून पाणी आत येत होतं आणि कुणीही खिडकी लावत नव्हतं. सोनावळी मागे पडल्यावर दरीच्या पलीकडे धबधबा पहिल्यांदा दिसतो. अख्खा, वरपासून खालपर्यंत, आणि त्याच्या कमरेला पुलाची बारीक रेघ. मग डोंगर आडवा येतो. परत दिसतो तेव्हा गाडीच पुलावर असते. सगळा डबा एका बाजूला आला. बोलणं शक्य नव्हतं, आवाजच तेवढा. दारात उभ्या लोकांचे चेहरे फवाऱ्याने क्षणात भिजले. एका आजीबाईंनी पदराने चष्मा पुसला, परत घातला, तो परत भिजला. नोव्हेंबरातला तो डोह, ती माकडं, ते जॅकेट, यांतल्या कशाची मला आठवणही झाली नाही. पैशाच्या मानाने बघायचं तर दूधसागर बघायची सर्वात चांगली जागा हीच, आणि मिळते मिनिटभरच. दूधसागरच्या फलाटावर रेल्वे सुरक्षा दलाचे दोघं रेनकोट घालून उभे होते. कुणी उतरलं नाही.

कॅसलरॉकला बँकर सुटेपर्यंत गाडी थांबली. तिथे एक रेल्वे कामगार आमच्या डब्यात चढला, ड्युटी संपवून खानापूरला घरी निघालेला. खानापूरकडचं मराठी, गळ्यात शिट्टी, खांद्यावर पिशवी. पावसाळ्यात तो रात्रीच्या गस्तीला असतो. भाच्याने त्याला बोलतं केलं. गस्तीवाल्याकडे काय काय असतं? हातबत्ती, लाल-हिरवी, शिवाय बॅटरी. झेंड्या. हातोडा, पाना. आणि फटाके. रुळावर दरड दिसली की धावत मागे जायचं आणि ठरलेल्या अंतरावर रुळाला फटाके बांधायचे. इंजिनाचं चाक वरून गेलं की ते फुटतात आणि ड्रायव्हर ब्रेक लावतो. कितीही पाऊस असला तरी तो आवाज ऐकू येतो. आपली हद्द संपेल तिथे पलीकडून येणारा गस्तीवाला भेटतो, दोघं वह्यांची अदलाबदल करतात, म्हणजे दोघंही खरंच तिथवर चालले याचा पुरावा राहतो. मग परत.

“सगळं रुळांवरून चालत?” भाच्याने विचारलं.

“मग काय जीपने?”

“धबधब्यापाशी पण?”

“तिथेच तर जास्त भीती. मागून गाडी आली तर कळत नाही. सारखं वळून बघावं लागतं.” मग तो हसला. “तुमच्यासारखी पोरं येतात, दंड भरतात. मला सरकार चालायचे पैसे देतं. तुला चालायचं असेल तर भरतीचा फॉर्म भर.”

इतका वेळ वहीत डोकं घालून बसलेल्या खजिनदाराने तेव्हा मान वर केली.

“भरती झाली की घरच्यांना पास मिळतो ना?” त्याने विचारलं. “आणि घरच्यांत मावशीचे मित्र धरतात का?”